डोळे राहिलेली मूर्ती

पेणच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली तेव्हा आईच्या नखांत अजून पांढरी भुकटी होती. आमच्या जोहे गावच्या कारखान्यातून तासाभरासाठी सांगून ती तशीच धावत आली होती. कारखाना म्हणजे आमच्याकडे गणपतींचा. दुसऱ्या कशाचा असतो हे मला बरंच उशिरा कळलं. तिनं पदराआडून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीतभर मूर्ती काढली. पांढरी, बिनरंगाची, डोळ्यांची जागा कोरी.

"डोळे राह्यलेत गो. आखणीवाल्या नानांना सवड नाय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "जेवत जा वेळेवर." एवढंच. मी बंगलोरला कॉम्प्युटरच्या नोकरीला चालले होते, आणि तिच्या मते खरा धोका माझ्या जेवणालाच होता.

हे लिहितेय ते तिथं राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखं सामान बांधून निघालेल्यांसाठीही. विशेषतः निघालेल्या पोरींसाठी, कारण मी केलेली चूक आपल्याकडच्या पोरी हमखास करतात.

कारखान्यात बायका मूर्ती घासायच्या. साच्यातून निघालेल्या मूर्तीला जोडाची रेघ असते, बारीक खड्डे असतात. ते भरायचे, पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करायचे. आखणी म्हणजे ब्रशनं डोळे काढणं. तो मान पुरुषांचा. मी सुट्टीत आईजवळ बसून घासायचे तेव्हा ती एकच गोष्ट बजावायची: "हात फिरवलेला दिसता कामा नये." लोणच्याच्या बरणीबरोबर हे वाक्यही मी बंगलोरला नेलं. लोणचं महिनाभरात संपलं.

ती नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे दोनच आकडे लिहिलेले, आणि दोन हजार साल उजाडलं की सगळं गडबडणार म्हणून जगभरचं दुरुस्तीचं काम आमच्या कंपनीत येऊन पडलेलं. आमच्या टीममध्ये मी एकटीच मुलगी. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मी इतरांचं काम उघडायचे, चुका दिसल्या की दुरुस्त करायचे आणि गुपचूप बंद करायचे. कोणी सांगितलं नव्हतं. खड्डा दिसला की हात आपोआप चालायचा. दुपारच्या मीटिंगमध्ये पोरांना शाबासकी मिळायची आणि मी वेडी मनातल्या मनात खूश व्हायचे, की बघा, हात कुठे दिसला नाही!

वर्षाअखेरीस कोणी किती काम केलं त्याची यादी निघाली. माझ्या नावापुढे जवळजवळ काहीच नव्हतं. महिन्याभरात ज्यांना कामावरून काढायचं त्यांच्या यादीत माझं नाव पहिलं. मी कोणाशी भांडले नाही. चार दिवसांची रजा टाकून सरळ जोह्याला आले. परत जायचं नाही असं गाडीतच ठरवून टाकलं होतं.

आई घासत बसली होती. मी शेजारी बसले, पेपर हातात घेतला आणि घासता घासता सगळं सांगितलं. तिचा हात थांबला. मग हळूच म्हणाली, "मागल्या वर्षी नाना ऐन घाईत आजारी पडले. शेवटल्या चाळीस गणपतींचे डोळे मी काढलेत."

मला आठवलं. त्या वर्षी व्यापाऱ्यांनी नानांच्या हाताची केवढी तारीफ केली होती.

"मग तू बोलली का नाहीस?"

"कोनी इचारलंच नाय गो."

मला इतका राग आला की मूर्ती खाली ठेवावी लागली. तिच्यावर चिडले, मालकांवर चिडले, वाटेल ते बोलले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्यावर काय चिडतंस? तू तरी बोललीस काय तिथं?"

मी खाली ठेवलेली मूर्ती पुन्हा उचलली.

"जा न् सांग," ती म्हणाली. "नाय ऐकलं तर ये परत. घासायला जागा हाय."

मी परत गेले. जुन्या प्रती आणि दुरुस्त केलेल्या प्रती छापून आमच्या टीमच्या वरिष्ठ, वसुधा मॅडम, यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी तासभर एकेक पान पाहिलं. "हे आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "आमच्याकडे सांगत नाहीत." त्या हसल्या नाहीत. "आमच्याकडेही सांगत नव्हते," त्या म्हणाल्या. यादीतलं माझं नाव त्यांनी खोडलं, आणि प्रत्येक दुरुस्तीवर करणाऱ्याचं नाव लिहायचा नियम त्या आठवड्यात सगळ्या टीमला लागू झाला.

पुढं मी टीमची प्रमुख झाले तेव्हा आई पहिल्यांदा बंगलोरला आली. कोरी मूर्ती अजून कपाटात होती. मी ब्रश आणि काळा रंग तिच्यापुढे ठेवला. तिनं आधी नको नको केलं, मग चष्मा पुसला आणि एका दमात दोन्ही डोळे काढले. हात जरासुद्धा हलला नाही. मी मूर्ती उलटी धरली आणि पेन्सिल दिली. तळाशी तिनं लिहिलं: डोळे मी काढले. सुमन, जोहे.

आई आता नाही. जोह्याचं घर भावानं नवं बांधलं, तिथं माझी खोली नाही, आणि त्याचं फार वाईटही वाटत नाही. घराची आठवण आली की मी ऑफिसातल्या टेबलावरची ती मूर्ती उचलते आणि तळ बघते. माझं घर तेवढ्या दोन ओळींत मावतं.

गेल्या महिन्यात रोह्याची एक पोरगी टीममध्ये आली. वडील धाटावच्या एमआयडीसीत शिफ्टला जातात. मीटिंगमध्ये तिनं केलेल्या दुरुस्तीचं कौतुक दुसऱ्याच्या पदरात पडलं, आणि ही मान खाली घालून चक्क खूश! मला ते खूश होणं चांगलं ओळखीचं. तिला आत बोलावलं, मूर्ती उलटी करून तिच्या हातात दिली आणि आईची गोष्ट सांगितली. तिनं मूर्ती जपून टेबलावर ठेवली आणि ती निघून गेली. जरा जास्तच बोलले की काय, असं मला वाटलं.

संध्याकाळी सगळ्या टीमला तिची मेल आली. "ती दुरुस्ती मी केली आहे." खाली नाव, आणि नावाखाली गाव: रोहा.

कोणी विचारलं नव्हतं.