नावेच्या इंजिनाला करडीचं तेल

आमच्या गोठ्यात मेढीच्या खांबाला नावेचं एक इंजिन टांगलेलं होतं. नदीवर बदकांच्या शिकारीला येणारा कुणी अंमलदार बदली झाल्यावर ते मामंजींकडे ठेवून गेला होता. लागलं तर वापरा, म्हणाला होता. वर गोल डोकं, खाली लांब दांडी आणि दांडीच्या टोकाला पाण्यात फिरणारा पंखा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यावर कोंबड्या बसत.

माझं माहेर पैनगंगेच्या पलीकडं, वऱ्हाडात. चार यत्ता मी तिकडंच शिकले. उन्हाळ्यात नदी पायी ओलांडता येई, पण पाणी चढलं की बांबूनं रेटायची नाव आठ-आठ दिवस काठाला बांधून राही. बाबा अशाच दिवसांत गेले. त्या काठावरून कुणी ओरडून सांगितलं, ते या काठावर ऐकलं. मी पोचले ती तेराव्याला. आता पलीकडं आई एकटी होती.

पुढच्या उन्हाळ्यात यांनी इंजिन खाली काढलं. हे कापसाच्या जिनात इंजिनावर कामाला होते. मला काही बोलले नाहीत, पण कशासाठी काढलं ते मला कळलं होतं.

इंजिन उघडलं. पंखा फिरेना. आतला दट्ट्या नळकांड्यात घट्ट धरून बसला होता. तीन दिवस हे अंगणात त्याच्याशी झटत होते. बाजेवर बसून मामंजी बघत.

"गंजलं असंल," हे म्हणाले.

"मंग काहून गोंजारून राहिला? हाण एक घाव. निघंल न्हाई तर तुटंल," मामंजी म्हणाले.

यांनी घण उचलला. मी दारात धान्य निवडत होते. उघड्या नळकांड्याच्या कडेला मला पिवळट, राळेसारखा थर दिसला. तेलाच्या बुधलीच्या तोंडाला साचतो तसाच.

पहिल्या खंडेनवमीला सासूबाईंनी सांगितलं होतं, औतांना तेलाचं बोट लाव आणि हळदकुंकू वाहा. इंजिनाचा प्लग काढून फडक्यात बांधून ठेवलेला होता, त्याच्या जागी भोक होतं. मला वाटलं, बाहेरून बोट लावून याच्या पोटात काय जाणार? म्हणून दरवर्षी मी त्या भोकात पळीभर करडीचं तेल ओतत आले. सहा वर्षं.

सासऱ्यांसमोर आमच्यात सून बोलत नसे, आणि मी तर सासूबाईंशीही मोजकंच बोले. तरी तोंडातून निघून गेलं, "हाणू नका! गंज न्हाई त्यो. माझं तेल हाय."

घण तसाच वर राहिला. मी पदर ओढून सगळं सांगितलं, जमिनीकडं बघत.

मामंजींनी वाकून नळकांड्यात बघितलं. मग यांना म्हणाले, "तुझ्या इंजिनाआधी सून चालू झाली की रे!"

सासूबाई हसल्या. "व्हय, मी बोट लाव म्हनले व्हते. हिनं त्याला जेवूच घातलं."

बुधली मी राखेनं आणि सोड्याच्या कढत पाण्यानं घासत असे. इंजिनाचे बाहेरचे भाग तसेच घासले. आतल्यासाठी यांनी घासलेट भरून ठेवलं. रोज संध्याकाळी काळंपिवळं झालेलं काढून टाकायचं आणि ताजं घालायचं. पाचव्या दिवशी दट्ट्या बोटभर सरकला. हे मला हाक मारत आत आले, आणि मामंजी समोर आहेत हे आम्ही दोघंही विसरलो.

मृगाच्या आधी नावेच्या मागच्या फळीवर इंजिन बसवलं. डोक्याला दोरी गुंडाळून ओढायची. यांचा खांदा दुखून आला तेव्हा कुठं धूर निघाला, आणि काठावरच्या म्हशी शेपट्या वर करून पळाल्या. पेट्रोलमध्ये मशिनीचं तेल किती मिसळायचं, ते मापही यांना चुकतमाकतच सापडलं. दर फेरीहून परत आल्यावर पंख्यातला गाळ धुणं आणि टाकी रिकामी करून पुसणं माझ्याकडं आलं. ते मी आजवर कुणाला करू दिलेलं नाही.

श्रावणात नदी दोन्ही काठ भरून होती. पंचमीच्या आदल्या दिवशी यांनी मला पलीकडं नेलं. नाव तिरकी ओढली जात होती, इंजिन दोनदा खोकललं, पण थांबलं नाही. लग्नानंतर पंचमीला माहेरी मी पहिल्यांदाच गेले. आई दारात उभी राहून नुसती माझे कोरडे पाय बघत होती.

निघताना ती काठावर पोचवायला आली. ताटात हळदकुंकू. इंजिनाला कुंकू लावलं, हात जोडले.

"लेकरू आणलंस माझं," असं त्याला म्हणाली आणि पदराखालून वाटी काढली. "घरच्या करडीचं हाय, ताजं."

मी तिचा हात धरला. "आई, नको!"

इतक्या मोठ्यानं, की वरच्या शेतात निंदणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या.

"काहून वं माय? तेलच तं हाय," आई म्हणाली. हे नावेत बसून पोट धरून हसत होते.