क्रीम की बदामी

धुळ्याच्या आमच्या घराला रंग द्यायचं ठरलं, तेव्हा रंगाऱ्याने बैठकीच्या भिंतीवर दोन पट्टे ओढले. एक क्रीम, एक बदामी. बायको म्हणाली, क्रीमने खोली उजळते, बदामीवर हातांचे डाग दिसत नाहीत. आता तुम्ही सांगा. मी निरखून पाहिलं. मला तिथे एकच पिवळट पट्टा दिसत होता.

बैठकीला क्रीम, आतल्या खोलीला बदामी, असं मी ठासून सांगितलं. नजरेवर पोट भरणाऱ्याने दुसरं काय सांगावं? जिनिंगमध्ये आलेला कापूस मुठीत घेऊन तो पांढरा की पिवळसर हे मी सांगतो, आणि त्यावर शेतकऱ्याचा भाव ठरतो. हंगाम आठवड्यावर आला होता. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो तर बोभाटा होईल, नोकरी जाईल, या भीतीने मी गप्प होतो. आमच्याकडे धुळ्यात शिंकलं तरी दोंडाईचाला कळतं.

काम सुरू झालं त्या दिवशी बायको माहेरी गेली होती. देखरेखीला मी. दुपारी रंग संपला, तेव्हा मी मोठ्या रुबाबात दुसरा डबा उचलून दिला. डब्यांवर नुसते आकडे होते. रंगारी घुटमळला, हाच ना म्हणून त्याने दोनदा विचारलं. मी चिडलोच. आता तू मला रंग शिकवणार का, म्हटल्यावर बिचारा निमूट कामाला लागला.

संध्याकाळी बायको आली आणि दारातच थांबली. अर्धी बैठक क्रीम होती, अर्धी बदामी. हे मला तिच्याकडून कळलं. दिवसभर मी त्याच भिंतीसमोर खुर्ची टाकून बसलो होतो. रंगाऱ्यावर ढकलावं असं मनात आलं, पण डबा मीच उचलून दिला होता.

तिने आवाज चढवला नाही. "कव्हयपाईन आसं व्हई ऱ्हायनं?"

मागच्या हंगामापासून, मी म्हणालो. मग नोकरीची, मोतीबिंदू निघाला तर ऑपरेशनची, सगळी भीती तिच्यापुढे ओतली. ती ऐकत होती, पण तिचं मन दुसरीकडेच गेलं होतं.

"मांगला सालले मन्हा भाऊना कापूस पिवया शे, आसं तुम्हीच सांगं व्हतं ना?"

मी हो म्हणालो. त्या दिवशी मेहुण्याने मूठभर कापूस माझ्यापुढे धरला होता. दाजी, जरा नीट पाहा, म्हणाला होता. मी नीट पाहिलं होतं.