ब्रेकच्या डिस्कवरचं कुंकू

मित्रमैत्रिणींनो, ओठाला तीन टाके आहेत. बोलता येत नाही, म्हणून लिहितेय.

परभणीच्या आमच्या कॉलेजात आम्ही रेसिंग कार बांधायला शिकतो. ब्रेक तपासणं माझं काम. आज पहिल्या चाचणीआधी गाडीची पूजा झाली. आमचा कॅप्टन विशाल याने तेलात कालवलेल्या कुंकवाने थेट ब्रेकच्या चकचकीत डिस्कवर स्वस्तिक काढलं. डिस्कला तेल लागलं की ब्रेक धरत नाही. मी गाडीची किल्ली काढून घेतली.

"आधी तेल पुसू दे. आत अश्विनी बसणार हाय."

"पूजा पुसायलीस? घरात पहिली शिकली म्हणून लय माजलीस का?"

त्याने माझा हात पिरगाळला. मी किल्ली सोडली नाही. मग त्याने माझं तोंड गाडीच्या लोखंडी पाइपवर आपटलं, दोनदा. दहा जण बघत होते. शेवटी ड्रायव्हर अश्विनीनेच त्याला ढकलून बाजूला केलं.

आमच्या टीमचे सर म्हणाले, "पोरी, मिटवून टाक, टीमचं नाव जाईल."

मी पोलिसांत तक्रार दिली आहे. साक्षीदार म्हणून अश्विनीने स्वतःचं नाव दिलंय. तुम्ही बाकीचे नऊ जण ही पोस्ट वाचताय, मला माहीत आहे. तुमची नावं लिहू?