मारुतीच्या कमरेइतकं पाणी

मी गाव सोडलं त्या दिवशी फरशी पुलावरून पाणी चाललं होतं. चाळीसगावला जाणारी एसटी पलीकडे उभी आणि अलीकडे मी, दोन बॅगा आणि आबा. आबा म्हणजे माझे वडील. ते काठावर उकिडवे बसले, पाण्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अर्धा तासमा उतरी." खरोखरच अर्ध्या तासात पुलाचे दगड दिसायला लागले. कसं ओळखलंत, असं मी विचारलं. बॅग उचलत ते म्हणाले, "तुले कसाले जोयजे? तू ते चालनी."

मी पुण्याला गेले, विमा कंपनीत लागले आणि तिथलीच झाले. माझं काम जोखीम ठरवण्याचं. कुठल्या तरी गावातला कुणी तरी घराचा विमा मागतो. मग नकाशा उघडायचा, नदी किती लांब आहे ते बघायचं, याआधी पाणी शिरलं होतं का आणि किती उंच, ते विचारायचं आणि प्रीमियम ठरवायचा. शेकडो अनोळखी नद्यांबद्दल मी मत दिलं आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. सोसायटीच्या मागून एक नाला वाहतो, त्याचं नाव वॉचमनलाही माहीत नाही. सुरतेला, नाशिकला, आपापलं गाव सोडून गेलेल्या तुम्हा लोकांचंही असंच असणार.

मी गेले आणि वर्षभरात सुनंदावहिनी घरात आली. चोपड्याकडची, केळीच्या बागेत वाढलेली. दादा दिवसभर चाळीसगावला खतांच्या दुकानात नोकरीला, त्यामुळे गुरं कधी सोडायची, धान्य कधी वर चढवायचं हे घरातल्या कुणाला तरी कळायला हवं होतं. आबांनी ते तिला शिकवलं. पाण्याचा रंग, फेस, वाहून येणारा काडीकचरा, वरच्या अंगाला पडलेल्या पावसाचा वास, सगळं. फोन केला की आबा कौतुकाने सांगायचे की आज सुनंदानं पाणी आधीच ओळखलं. मी इकडे "हो का, छान" म्हणायचे.

खरं सांगते, माझ्या पोटात दुखायचं. तिला माझी खोली मिळाली, आईची पैठणी मिळाली, त्याचं मला काही वाटलं नाही. पण नदी माझी होती. त्या नदीत मी पोहायला शिकले, नाकातोंडात पाणी गेलं ते तिचंच. आणि तिची भाषा आबांनी परक्या घरातून आलेल्या बाईला द्यावी? दिवाळीला गेले की मी वहिनीच्या भाजीत मीठ शोधायचे. एके दिवाळीला तिनं सगळ्या भिंती मातीने पोतारून इतक्या गुळगुळीत केल्या होत्या की मला वाटलं, नणंद येणार म्हणून हा थाट. मी एका शब्दानं तिचं कौतुक केलं नाही.

आबा जाऊन आता दोन वर्षं होतील. जुन्या घराची मागची भिंत बसली म्हणून दादानं त्याच जागी नवं घर बांधायचं ठरवलं. त्याचा फोन आला, "जोतं किती उंच घ्यायचं? तू विम्यात आहेस, तूच सांग." त्या एका वाक्याने मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात दोघींना चहा पाजला. घरानं पहिल्यांदा मला नदीबद्दल विचारलं होतं.

आमच्या गावात पूर फुटांत मोजत नाहीत, वेशीतल्या मारुतीवर मोजतात. माझ्या जन्माआधी मोठा पूर आला तो कमरेचा. मी शाळेत असताना आला तो गुडघ्याचा. तीन वर्षांपूर्वी आला तेव्हा आबा फोनवर म्हणाले होते, "पाणी मारुतीना पायले लागनं. काही नही, तू काम कर." म्हणजे तो सगळ्यांत लहान. माझं गणित सोपं होतं. मारुतीचा ओटा दीड फुटाचा, त्यावर कंबर साधारण दीड फुटावर, म्हणजे मोठ्यातला मोठा पूर तीन फूट. त्यावर एक फूट जास्तीचा धरून मी चार फूट जोतं सांगितलं. घर उभं राहिलं की विमाही मीच काढून देणार होते, म्हणून फॉर्मही भरून ठेवला. 'पूर्वी शिरलेल्या पाण्याची कमाल उंची' या रकान्यात लिहिलं, तीन फूट.

आखणीच्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून गेले. गवंड्यानं दोरी ताणली, मी टेप धरून उभी. वहिनी चहा घेऊन आली, खुंटीवरची खूण पाहिली आणि हळूच म्हणाली, "ताई, चार फूट पुरावनार नही."

मी म्हटलं, "वहिनी, मी रोज हेच काम करते."

गवंडी हसू दाबत दुसरीकडे बघायला लागला. वहिनी मात्र मागे हटली नाही. "तो कमरेना पूर उना तवय मारुती खाले व्हता," ती म्हणाली. "आते तो वर शे. चला, दखाडस."

ती मला वेशीत घेऊन गेली. तीन वर्षांपूर्वीच्या पुराआधीच देवळाचा जीर्णोद्धार झाला हे मला ठाऊक होतं. गावाच्या ग्रुपवर फोटो आले होते, शेंदूर लावलेल्या मारुतीचे, अगदी जवळून. पण दरवर्षी माझी गाडी वेशीतून थेट दारात जायची आणि मी काचेतूनच हात जोडायचे. आज समोर उभी राहिले तर नऊ पायऱ्या होत्या. मारुतीची पावलं माझ्या डोक्याच्याही वर होती. ओट्याच्या कडेला, पावलांना लागून, गाळाची फिकट रेघ अजून दिसत होती.

पायाला लागलेलं पाणी. मी त्या रेघेखाली उभी होते आणि हात वर केल्याशिवाय ती मला गाठता येत नव्हती.

"त्या दिन बठ्ठं गाव शाळाना गच्चीवर व्हतं," वहिनी म्हणाली. अख्खं गाव गच्चीवर आणि दादा पुलापलीकडे अडकलेला. तिनं दुपारीच पाण्याचा रंग पाहून शेजाऱ्यांना हाका मारल्या. "आबाले खाटसुद्धा उचलीसन लई गवूत."

मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"आबाच बोलनात, तिले सांगजो नको, ती तठे एकटी शे."

मग मला त्या पुरानंतरच्या दिवाळीच्या पोतारलेल्या भिंती कळल्या. छताजवळ पोचलेली ओल तिनं माझ्यासाठी मातीने झाकली होती. आणि मी त्याला थाट समजले होते. माझं ऐकून घर चार फुटांवर उभं राहिलं असतं, तर पुढच्या पुरात दादाची मुलं पाण्यात असती. आणि पुराची उंची खोटी लिहिली म्हणून क्लेमही नामंजूर झाला असता. असे क्लेम मी स्वतः नामंजूर केले आहेत.

जोतं सात फुटांचं ठरलं, खाली ट्रॅक्टर उभा राहील असं. मी ओशाळले, पण तेवढंच सांगितलं तर खोटं होईल. मत्सर गेला नाही, उलट वाढला. आबांना खाटेसकट उचलणारे हात माझे नव्हते, ही गोष्ट मी कुठल्याही दिवाळीला जाऊन भरून काढू शकत नाही. तुमच्यातल्या कुणी गाव सोडून सुखात आहे म्हणून सांगितलं, तर मी ऐकून घेईन. पण माझ्यासाठी गावाकडचं घर म्हणजे आता ती जागा, जिच्याबद्दल मला दुसऱ्या बाईला विचारावं लागतं.

पुण्याला परतून मी नवा फॉर्म घेतला. उंचीच्या रकान्यात सहा फूट लिहिलं. खाली विचारलं होतं, 'या जागेच्या पूर-इतिहासाची माहिती असलेली घरातील व्यक्ती'. तिथे मी वहिनीचं नाव लिहिलं. त्यापुढे रकाना होता, 'विमा काढणाऱ्याशी नाते'. विमा दादाच्या नावावर, तरी माझ्या हातून 'भावजय' लिहिलं गेलं, मग ते खोडून 'घरची' असं लिहिलं. माझं नाव कुठे घालायचं ते शोधत मी फॉर्म शेवटपर्यंत वाचला. तसा रकाना नव्हता.