पहिल्या फाट्याच्या अलीकडे

आमचे हे कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि पाण्याचा मीटर हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. पाहुणे आले की चहा होईपर्यंत ते त्यांना जिन्याखालचे मीटर दाखवून आणतात. प्रत्येक फ्लॅटला वेगळा मीटर बसवल्यापासून भांडणं थांबली, असं त्यांचं म्हणणं. भांडणं थांबलेली नाहीत, आता ती लिटरमध्ये होतात, पण हे मी चारचौघांत बोलत नाही.

पनवेलच्या पलीकडे नदीजवळ आमची सासऱ्यांपासूनची थोडी शेती आहे. नदीतून पंपाने पाणी उचलणाऱ्या शेतकऱ्यांनीही मीटर बसवायचा, असा निरोप पाटबंधारे कार्यालयाकडून आला, तेव्हा आजूबाजूच्या लोकांनी कपाळाला हात लावला. हे मात्र लग्नाचं आमंत्रण आल्यासारखे खुलले. नियमांचे कागद त्यांनी नळाच्या बिलांच्या फायलीत लावले आणि मला दोनदा वाचून दाखवले. मी भाजी निवडत होते, त्यामुळे पळून जायची सोय नव्हती.

आमच्या नदीवरच्या पंपाला मोबाइलवरून चालू होणारा स्टार्टर आहे. म्हणजे हे कामोठ्याच्या बाल्कनीत बसून, पेपर वाचून झाला, दुसरा चहा झाला की फोन लावायचे आणि तिकडे मोटर सुरू व्हायची. आमच्या शेताला लागून एका मावशींचा मोगरा आहे. वय सत्तरीच्या पुढे, पण चाल अशी की मला मागे पळावं लागतं. पंपाच्या पाइपाचा एक फाटा त्यांच्या मोगऱ्याकडे जातो, दुसरा आमच्या कारल्याच्या मांडवाकडे. कोणता वॉल उघडायचा ते बघायला मावशी उभ्या राहायच्या आणि हे आदल्या संध्याकाळी त्यांना फोन करून सांगायचे, "मावशी, उद्या तुमचं पाणी सोडतो." फोन ठेवल्यावर ह्यांच्या चेहऱ्यावर दानधर्म केल्याचं समाधान असायचं. "आपण पाणी देतो म्हणून तिचा मोगरा आहे," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

मीटर त्यांनी हौसेने बसवला. कुठे, तर आमच्या शेतघराच्या भिंतीवर, पडवीच्या सावलीत. चपलेला चिखल न लागता आकडे वाचता येतात, वर जाळीची पेटी, पेटीला कुलूप. अगदी सोसायटीसारखं. आपली लाइन, आपला मीटर. मी म्हटलं, "अहो, मावशींचं पाणी ह्यात कुठे मोजलं जातं?" ते म्हणाले, "तिचं तिने बघावं. तिसऱ्या मजल्याचं पाणी पहिल्या मजल्याच्या मीटरवर घालतात का?"

तपासणीला आलेले साहेब तरुण होते आणि शांत होते. त्यांनी पेटीचं कौतुक केलं, मग म्हणाले, "काका, हा मीटर चालणार नाही. नदीतून एकूण किती पाणी उचललं ते मोजायचंय. मीटर पंपाजवळ हवा, पहिल्या फाट्याच्या अलीकडे. त्याच्या आधी पाइप थोडा सरळ हवा, वळणावर बसवला तर आकडा चुकतो." हे आधी वाद घालणार होते, पण नियम म्हटल्यावर ते विरघळतात. आम्ही सगळे पंपाकडे चालत गेलो. मावशी तिथेच गवत कापत होत्या.

"ही जागा कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"पंप आमचाच आहे," हे म्हणाले. "वीजही आमच्या नावावर."

"पंप नाही विचारला. जमीन कोणाची?"

ह्यांनी नदीकडे पाहिलं, मग आमच्या शेताकडे पाहिलं. मीही पाहिलं. आमचं शेत नदीला टेकतच नव्हतं. मध्ये एक पट्टी होती, तिच्यावर पंप होता आणि पंपाशेजारी विळा घेऊन मावशी बसल्या होत्या.

"माजी हाय," त्या म्हणाल्या. "ह्यांचे वडील नि आमचं मानूस, दोघांनी मिलून पाइप टाकला. जागा आमची, मोटर त्यांची. तवापासून चाललंय."

साहेबांनी समजावून सांगितलं की दोघांनी मिळून अर्ज केला तर एकाच मीटरवर दोन्ही शेतं चालतात, त्यात काही अडचण नाही. मात्र जागेच्या मालकिणीची संमती लागेल. पुढच्या आठवड्यात ते परत येणार होते, आणि तोवर संमती नसेल तर पंपाला सील. कारली नुकती फुलावर आली होती. चार दिवस पाणी तुटलं असतं तर मांडवाखाली बसून आम्ही सुतळ्याच मोजल्या असत्या. मला खरोखर भीती वाटली, कारण मावशींना नकोच म्हणायचं असतं तर त्यांच्यापाशी कारणं भरपूर होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिठाई घेऊन त्यांच्याकडे गेलो. वाटेत ह्यांनी भाषणाची तयारी केली होती, पण ओटीवर बसल्यावर ते नुसते पाणी पीत राहिले. मावशींनी पेढा खाल्ला, हात पुसले आणि म्हणाल्या, "सही देते. पन भाऊ, तुमी अकरा वाजता पानी सोडता. त्या उन्हात मोगरा शिजतो. इतकी वर्सं सांगू कसं, म्हनून गप ऱ्हायले. आता स्टार्टरला माजा नंबर घाला, मोटर मीच चालू करीन."

त्या एवढंच म्हणाल्या, आवाजही चढवला नाही. ह्यांचे कान लाल झाले आणि मला त्यांची, आमच्या लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, मनापासून दया आली.

मीटर आता पंपाशी आहे, सरळ पाइपावर, जाळीच्या पेटीत. पेटीची किल्ली मावशींच्या कमरेला असते. त्या आकड्याचा फोटो काढून ह्यांना पाठवतात आणि हे तो कार्यालयाला पाठवतात. कारली झकास आली.

काल संध्याकाळी फोन वाजला. हे बाल्कनीत होते, आवाज मला आतपर्यंत ऐकू आला.

"भाऊ, उद्या तुमचं पानी सोडते. पाच वाजता वॉल फिरवायला या."

"हो मावशी," हे म्हणाले आणि आत येऊन त्यांनी गजर लावला.