एकेचाळीस नंबरची भिंत

भिंतीवर तेवीस होता आणि माझ्या वहीत एकेचाळीस. टेप खांद्यावर टाकून मी त्या दारापुढे भर उन्हात उभा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पालिकेचे साहेब तपासणीला येणार होते. पुढच्या दाराशी गेलो. भिंतीवर चोवीस, वहीत चाळीस. त्याच्या पुढे पंचवीस, वहीत एकोणचाळीस. शेवटपर्यंत हीच तऱ्हा. फक्त बत्तीस नंबर जागेवर होता, तोही योगायोगानं.

मी सर्व्हेअर. सांगली-मिरज रस्त्याच्या आत, विश्रामबागच्या अलीकडे ही वस्ती होती. एकेचाळीस झोपड्या, बहुतेक बौद्ध कुटुंबं. शेठ म्हणजे आमचे बिल्डर. त्यांची स्कीम सरळ होती. मागच्या बाजूला चार मजली इमारत बांधायची, झोपडीमागे एक खोली फुकट द्यायची आणि रस्त्याकडची जागा दुकानांसाठी विकायची. कोणाला खोली मिळणार हे सर्व्हे ठरवणार. आम्ही झोपडी मोजतो, भिंतीवर लाल ऑइलपेंटनं नंबर टाकतो, तोच नंबर वहीत लिहितो. पुढे नाव आणि रेशनकार्ड. कार्ड नसेल तर मी ‘कागद नाही, ताबा पाहिला’ असं लिहून खाली सही किंवा अंगठा घ्यायचो. अशा सात घरांना भिंतीवरचा नंबर आणि माझी वही सोडून जगात दुसरा पुरावा नव्हता.

घोळाचं मूळ मीच होतो. पहिल्या दिवशी बावीसपर्यंत आलो, तर पुढे नळाच्या पाइपसाठी चर खणलेला. वळसा घालून गल्लीच्या पलीकडच्या टोकाला गेलो आणि तिथून तेवीस, चोवीस करत उलटा आलो. त्यामुळे बावीसला चिकटून एकेचाळीस आला. मोजणीवाल्याला त्याचं काही वाटत नाही.

वस्तीला वाटलं. चौदा एप्रिल तोंडावर आला होता. जयंतीच्या आधी सगळी गल्ली चुना आणि नीळ मारून लख्ख करायची, ही तिथली रीत. चुन्याखाली माझे नंबर गेले. नंबर महत्त्वाचे आहेत हे लोकांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ते पुन्हा काढायला लावले. काढले गौतम पेंटरनं. तो मिरजेत दुकानांच्या पाट्या रंगवायचा. दाराच्या वर पिवळे आकडे, त्याला काळी शेड, आणि एक ते एकेचाळीस अगदी ओळीत.

“हे काय करून ठेवलंस रे?” मी विचारलं.

“सायेब, तुमचं नंबर लय वेडंवाकडं हुतं. बावीसच्या शेजारी एकेचाळीस कुठं असतंय व्हय? मी सरळ करून दिलं. पैसं बी न्हाई घेतलं.”

त्याचं अक्षर माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगलं होतं.

खऱ्या एकेचाळीसमध्ये कौसाबाई राहायच्या. नवरा गेल्यावर पलूसहून आलेल्या, मिरजेच्या एका दवाखान्यात आया. रेशनकार्ड दिरानं दाबून ठेवलेलं. त्या दारातच बसल्या होत्या.

“आवं सायब, तुमी एकेचाळीस म्हणाला हुता. मी रोज कामावर जाताना घोकत हुते. आता ही तेवीस म्हणत्यात. मग माझी खोली कुणाची?”

“बघतो,” म्हणालो आणि सटकलो. लाज वाटली.

शेठकडे गेलो. वाटलं, भडकतील. ते चक्क खूश झाले.

“देसाई, हे तर पथ्यावर पडलं. कार्डवाले कार्डावर पास होतील. उरलेले सातही बावीसच्या पुढचे, त्यांचा नंबर जुळणार नाही. बोगस म्हणून काढून टाकतील. सात खोल्या मोकळ्या.”

“पण माझ्या वहीत नोंद आहे, शेठ.”

“वही घरी राहिली म्हणा. टाइप केलेली लिस्ट मी देतो. तुमचं मिसेसच्या नोकरीचं मी बोललोय ना? ते होईल.”

तपासणीच्या दिवशी सकाळी बायकोनं दोनदा विचारलं, काय झालंय. तिच्यावर उगाच खेकसलो. वही घरी ठेवली, जिना उतरलो, परत वर आलो, वही घेतली आणि स्कूटरच्या डिकीत कोंबली. का घेतली, ते त्या वेळी मलाही सांगता आलं नसतं.

साहेब तरुण होते, घाईत होते. टाइप केलेली लिस्ट देऊन शेठ सोबत चालत होते. बावीसपर्यंत सगळं जुळलं. कौसाबाईंच्या दाराशी थांबले.

“तेवीस. लिस्टमध्ये तेवीसला दुसरंच नाव आहे. बाई, रेशनकार्ड?”

“न्हाई जी. माझा एकेचाळीस हाय.”

“भिंतीवर तेवीस आहे.”

“ह्या भिंतीच्या पोटात एकेचाळीस हाय.”

त्या आत गेल्या आणि ओलं पोतं घेऊन आल्या. मागून कोणीतरी म्हणालं, “कौसाक्का, जयंतीचा चुना हाय, हात लावू नगं.”

“चुना उद्या परत मारीन,” त्या म्हणाल्या. “खोली परत कोण दील?”

दाराच्या बाजूला त्यांनी पोतं खसाखसा घासलं. ऑइलपेंटवर चुना धरत नाही. चार हातांत निळसर पापुद्रे सुटले आणि माझा वेडावाकडा लाल एकेचाळीस बाहेर आला.

साहेब माझ्याकडे वळले. “हा जुना नंबर दिसतोय. सर्व्हेची मूळ वही कुठाय?”

शेठ माझ्याकडे बघत होते. कौसाबाईही बघत होत्या, हातातल्या पोत्यातून पाणी गळत होतं. मला दोघांचीही नजर झेपेना.

“डिकीत आहे,” मी म्हणालो.

वही आणली. एकेचाळीस, ताबा पाहिला, खाली कौसाबाईंचा अंगठा. मग उरलेल्या सहा घरांसमोर पोती आली. पुढचा सगळा चुना गौतमनं स्वतः घासला. सातही घरं पास झाली.

सोमवारपासून मला शेठकडे काम नव्हतं. बायकोच्या नोकरीचंही नाव पुन्हा निघालं नाही. पुढचं वर्ष आम्ही ओढाताणीत काढलं, आणि त्याचा राग मला बरेच दिवस कौसाबाईंवरही येत होता. खोटं कशाला सांगू?

इमारत झाल्यावर एकदा त्या बाजूला गेलो. कौसाबाईंना दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली होती. दारावर इमारतीची पाटी होती, नंबर नऊ. पाटीखाली लाल ऑइलपेंटनं, सुरेख अक्षरात, एकेचाळीस.

“गौतमला काढायला लावला,” त्या म्हणाल्या. “लय कुरकुरला. म्हणाला, आठ आन् धाच्या मधी एकेचाळीस कसा बसंल? म्या म्हणलं, बसतोय. तू काढ.”

त्यानंतर मी कुठलीही वस्ती मोजताना नंबर दारांच्या ओळीनंच टाकले. वाटेत चर असला तर चरात उतरलो.