सात भांडी आणि एक बद्द आवाज

राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या विलायती चिनी मातीच्या भांड्यांचं वेड मला मुलुंडच्या वन रूम किचनमध्ये राहून लागलं, हे सांगितलं की लोक अजून हसतात. हसू देत. ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास अंधेरी-सांताक्रूझचे जुने बंगले पाडून इमारती उठत होत्या आणि बंगल्यांतलं सामान घाटकोपरच्या एका जुन्या सामानवाल्याकडे यायचं. ऑफिसला सुट्टी असली की मी तिथे. भांडी गर्द हिरवी, मोहरीच्या रंगाची, अंगावर उठावाची पानंफुलं, बुडाशी कारखान्याचा शिक्का. चार वर्षांत सात जमवली. त्यातला निळा, दोन कानांचा चंबू माझा सगळ्यांत लाडका.

सासूबाई मालवणकडच्या. फुटकं, तडकलेलं भांडं घरात ठेवलं की लक्ष्मी जाते, हा त्यांचा नियम. शंभर वर्षांच्या झिलईवर केसासारख्या रेषांची जाळी पडतेच, ती नुसती वरवरची असते, हे मी त्यांना कितीदा सांगितलं. त्यांच्या लेखी तो तडाच. एका दिवाळीच्या साफसफाईत मी ऑफिसातून आले, तर सातही भांडी जिन्यात, कचऱ्याच्या डब्याशेजारी. नवरा पेपरात तोंड खुपसून बसला होता.

मी चिडले. नऊ वर्षं त्या घरात राबत होते, आणि माझ्या हौसेला एक फळी मिळू नये? पदर खोचला, सगळी भांडी आत आणून सासूबाईंपुढे मांडली आणि म्हटलं, "आई, माठ घेताना वाजवून घेता ना, तशी ही वाजवा. बद्द बोलेल ते मी माझ्या हाताने बाहेर ठेवीन. बाकीची इथेच राहणार."

त्या खाली बसल्या आणि बोटाच्या पेराने एकेक वाजवू लागल्या. सहा भांडी खणखणीत बोलली. मी ती फळीवर ठेवत गेले, जरा तोऱ्यातच. मग निळा चंबू. बद्द. त्यांनी पुन्हा वाजवला, उजेडात फिरवला आणि कानाखाली नख लावलं. रंगाचा पापुद्रा निघाला, आत चिकटवून जोडलेली भेग. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला रडू आलं, पण शब्द दिला होता. चंबू उचलून मी दाराबाहेर ठेवला.

रविवारी मी पुन्हा घाटकोपरला निघाले. एकदा फसले म्हणून नाद सोडायचा नाही, हे ठरवलंच होतं. बघते तर सासूबाई चपला घालून तयार, आणि कचऱ्यात गेला असं मी धरून चालले होते तो चंबू त्यांच्या हातात, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. त्या थेट दुकानात शिरल्या, चंबू मालकाच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "ह्या तुझ्याच घरात ठेव. माझ्या सुनेच्या घरात फुटका भांडा नको."